मुक्कामी गवा

एका जंगलात, पोरांनो, रस्ता नव्हता, पण गाडी होती. तुमच्याकडे उलटं असतं. रस्ता असतो, रस्त्यावर थांबा असतो, थांब्यावर पाटी असते, आणि तेवढी गाडीच नसते. म्हणून आधीच सांगितलेलं बरं, की ही गोष्ट फार जुनी आहे आणि तुमच्या गावाशी तिचा काडीचाही संबंध नाही. आता नीट बसा आणि मधे मधे बोलू नका.

या जंगलाच्या खालच्या अंगाला मोठं तळं होतं. तळ्याकाठी सगळं होतं. बाजार होता, वैद्य होता, शाळा होती, कचेऱ्या होत्या. वरच्या अंगाला डोंगराच्या खोबणीत काटवण नावाची वस्ती होती. काटवणात साळिंदरं होती, ससे होते, रानकोंबड्या होत्या, कासवांचं एक घर होतं, आणि त्या सगळ्यांना खाली जायची गरज होती. बाकी काही नव्हतं.

गाडी म्हणजे भैरू गवा. अंगानं दांडगा, पाठ ओसरीएवढी. तो संध्याकाळी तळ्यावरची माणसं, म्हणजे जनावरं, घेऊन काटवणात यायचा. रात्री तिथंच मुक्काम करायचा. सकाळी उजाडायच्या आत पुन्हा सगळ्यांना पाठीवर घेऊन खाली निघायचा. म्हणून त्याला मुक्कामी गवा म्हणत.

मुक्कामाची रीत ठरलेली होती. गव्याचा चारा रोज एकेका घराच्या पाळीनं. रानकोंबड्या त्याच्या अंगावरचे गोचीड टिपायच्या. कासवाची म्हातारी त्याला वस्तीतली भांडणं सांगायची, आणि तो रवंथ करत हूं हूं म्हणायचा. त्यामुळे सकाळी कोण येणार, कोणाचं काय काम आहे, कोणाला उशीर होणार, हे त्याला न विचारता ठाऊक असायचं. एखादा ससा आला नाही तर तो फुरफुरायचा आणि थांबायचा. पाठीवरचे बाकीचे त्या सशाला शिव्या द्यायचे, पण त्यांनाही माहीत होतं, उद्या आपण उशिरा आलो तर हा असाच थांबणार आहे.

या वस्तीत ठकूबाई नावाची साळिंदरीण राहायची. वयानं अर्धी, तोंडानं पुरी. तिची जागा भैरूच्या पाठीवर अगदी मागं, शेपटीजवळ. तिथं तिनं काटे मिटून बसायचं, असा नियम होता. तरी तिच्या आजूबाजूला चार वीत जागा मोकळी असायची. कोणी गर्दीची तक्रार केली की ती म्हणायची, "या की माझ्याशेजारी. ऐसपैस आहे."

ठकूबाईचा नवरा गेनू. स्वभावानं गरीब. तिच्याशी संसार करायचा म्हणजे दुसरा काही उपायच नव्हता. तर त्या पावसाळ्यात एक गंमत झाली. ज्याच्या अंगावर मोजता येणार नाहीत इतके काटे, त्या गेनूच्या पायात बाभळीचा एक काटा रुतला. सगळी वस्ती हसली. गेनूही हसला. मग पाय सुजला, आणि हसणं थांबलं.

तळ्याकाठच्या बगळे वैद्यांनी चोचीनं काटा काढला. पण जखम आत चिघळली होती. वैद्य म्हणाले, दर बाजाराला सकाळी आणायचं. जखम धुवायची, पाला बांधायचा. भरून येईल. पण खेपा चुकल्या तर सडणं वर चढेल, आणि मग पायाची आशा सोडायची.

सकाळीच का, तर ऊन पळसाच्या शेंड्यावर आलं की बगळे वैद्य पाण्यात एका पायावर उभे राहायचे. ते त्याला ध्यान म्हणत. मासे त्याला दुसरं काही म्हणत. पण एकदा उभे राहिले की पेशंट मेला तरी मान वळवायचे नाहीत.

तुम्ही विचाराल, वैद्याला पंख होते, मग तो वर का नाही गेला? तुमच्या वाडीवर कधी डॉक्टर आला का? मग गप्प बसा.

दर बाजाराला भैरू गेनूला हळूच पाठीवर घ्यायचा. ठकूबाई मागून आधार द्यायची. पाय सुधारत होता. गेनू टेकवून टेकवून दारापर्यंत यायला लागला होता.

आणि तेवढ्यात जंगलात सुधारणा झाली.

तळ्याकाठी 'सर्व जंगल वाहतूक समन्वय मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष झाले धनेशराव. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. इतकी मोठी चोच असलेल्यानं नुसती मान हलवली तरी तो विचार करतोय असं वाटतं. सदस्य म्हणून घार, कोतवाल पक्षी आणि दोन पोपट. ज्यांना आयुष्यात कधी कोणाच्या पाठीवर बसावं लागलं नाही, त्यांनाच हे काम द्यावं, असं ठरलं होतं. म्हणजे निर्णय तटस्थ होतात.

सल्लागार म्हणून करकोचे साहेब आले. ते परदेशी. थंडीत यायचे, सल्ला द्यायचे आणि त्याचा परिणाम दिसायच्या आत आपल्या देशी परत जायचे.

पहिलं काम म्हणजे निधी. प्रत्येक घरानं वाहतुकीसाठी गवताचा भारा द्यावा, असं ठरलं. काटवणानंही दिला. आता भैरूला पोटभर मिळेल म्हणून सगळ्यांनी खुशीनं दिला. तो निधी थांब्यांना लागला. ठिकठिकाणी छपराचे थांबे उभे राहिले. लाकूड हवं म्हणून तळ्याकाठची जुनी मोठी झाडं पाडली. काटवणातही एक थांबा झाला. छप्पर सुरेख, वरून हिरवा रंग, मधोमध मंडळाचं चिन्ह. खाली बसायला जागा ठेवायची राहून गेली, कारण मंडळानं थांब्याची पाहणी वरूनच केली होती.

मग करकोचे साहेब काटवणावरून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, त्यांना धक्का बसला आहे. एवढा धडधाकट गवा रात्रभर त्या वस्तीवर नुसता उभा असतो. काही करत नाही. हे निष्क्रिय वाहन आहे. जंगलाच्या संपत्तीचा अपव्यय आहे.

मंडळालाही धक्का बसला. ठराव झाला. मुक्काम बंद. गव्यानं रात्री मुख्यालयात उभं राहायचं.

तिथंही तो रात्रभर नुसताच उभा राहणार होता. पण मुख्यालयात उभं राहणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी काटवणातली सगळी उजाडायच्या आत थांब्यावर आली. गवा नाही. ऊन आलं. गवा नाही. डोंगर चढून भैरू रिकामाच वर आला तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. बाजाराची टोपली घेतलेल्या रानकोंबड्या केव्हाच घरी गेल्या होत्या. ठकूबाई आणि गेनू तेवढे बसून होते.

भैरूनं मान खाली घातली. "मावशी, माझा विलाज नाही. आता असंच आहे."

"तुझ्या अंगाला गोचीड किती झालेत रे," ठकूबाई म्हणाली.

खाली पोचले तेव्हा बगळे वैद्य एका पायावर उभे होते. ठकूबाईनं हाका मारल्या. विनवण्या केल्या. शेवटी जे बोलू नये ते बोलली. वैद्यांनी मान वळवली नाही. रात्र तिथंच काढून सकाळी दाखवावं, तर संध्याकाळी बिबट्या तळ्यावर पाणी प्यायला यायचा, आणि तो नुसतं पाणी पिऊन जायचा नाही. धड साळिंदराच्या वाटेला तो जात नसे. पण लंगड्याला पटकन पाठ फिरवता येत नाही, हे त्याला चांगलं कळत होतं. ती दोघं तशीच परत आली.

पुढच्या बाजारालाही तेच. त्याच्या पुढच्याही. गेनूच्या पायाला वास यायला लागला. ठकूबाई आपल्या परीनं पाला बांधायची. गेनू म्हणायचा, "अगं, दुखत नाही फारसं." ते ऐकून तिला जास्तच भीती वाटायची, कारण आधी दुखत होतं.

इकडे कोतवालानं प्रवासी मोजले. पूर्वी भैरूची पाठ भरलेली असायची, आता दुपारच्या फेरीला एखाददुसरं कासव. कोतवालानं मंडळाला कळवलं की काटवणच्या जनतेला प्रवासाची आवड राहिलेली नाही. करकोचे साहेबांनी सुचवलं, मग ही फेरीच बंद करू आणि गव्याला तळ्याभोवती फिरवू. तिथं मागणी आहे.

पण मंडळ लोकशाही मानणारं होतं. आधी जाहीर सुनावणी ठेवली. ज्यांना हरकत असेल त्यांनी तळ्याकाठी सकाळी लवकर हजर राहावं.

काटवणातून सकाळी लवकर तळ्याकाठी जायला काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मंडळाला नव्हतं.

ठकूबाई आदल्या संध्याकाळीच पायी निघाली. काटे फुलवून डोंगर उतरली. बिबट्यानं तिला पाहिलं, आणि तिचं तोंड पाहून आपलं तोंड दुसरीकडे केलं. सकाळी ती सुनावणीला हजर. हरकत घेणारी ती एकटीच. मंडळ उंच फांदीवर, ती खाली चिखलात.

तिनं सगळं सांगितलं. मुक्काम सांगितला, पाळी सांगितली, वैद्याची वेळ सांगितली. गवा रात्री नुसता उभा नसतो, तो आमच्यासाठी उभा असतो, असं सांगितलं. कोणी बाळंतीण अडली, कोणाला साप चावला, तर हाताशी काहीतरी आहे म्हणून वस्तीला झोप लागते, असंही सांगितलं.

धनेशरावांनी मान हलवली. चोचीमुळे ती बराच वेळ हलत राहिली. मग ते म्हणाले, "बाई, तुमच्या भावना मंडळानं नोंदवून घेतल्या आहेत."

"भावना नाही, साहेब. पाय. नवऱ्याचा पाय नोंदवा."

एक पोपट हसला. दुसऱ्यानं तेच हसून दाखवलं.

करकोचे साहेबांनी तिला समजावून सांगितलं. एका पायासाठी सगळ्या जंगलाचं नियोजन बदलता येत नाही. शिवाय वैद्य स्वतः एका पायावर उभे राहतात. त्यांचं कुठं अडतं?

"तुम्ही एकदा बसा गव्याच्या पाठीवर," ठकूबाई म्हणाली. "वरून खालपर्यंत या. मग बोला."

ही सूचना मात्र मंडळाला फार आवडली. लगेच 'प्रवासी दिन' ठरला. ठरल्या दिवशी सगळं मंडळ हारतुऱ्यांसह काटवणात उतरलं आणि भैरूच्या पाठीवर बसलं. भैरू चालायला लागला. पहिल्या वळणावर हादरा बसला तसे पोपट उडाले. ओढ्यात पाणी उडालं तशी घार उडाली. चढ-उताराला कंटाळून धनेशराव उडाले. सगळे तळ्यावर जाऊन, फराळ करून, झोप काढून उठले, तरी भैरू आला नव्हता. त्यांनी अहवालात लिहिलं: प्रवास सुखाचा व जलद. प्रवासी वेळेआधी पोचतात. गवा मात्र उशिरा पोचतो.

फेरी बंद करायचा दिवस ठरला. थंडी सरत आली होती, म्हणून करकोचे साहेब सगळ्यांचा निरोप घेऊन उडून गेले.

गेनू आता दारापर्यंतही येत नव्हता. त्याच्या पायाचं एक बोट काळं पडलं होतं. ठकूबाई रोज ते बघायची आणि बाहेर येऊन थांब्याच्या छपराला शिव्या घालायची. छप्पर ऐकून घ्यायचं. मंडळापेक्षा ते बरं होतं.

एका सकाळी ती अशीच शिव्या घालत असताना डोक्यावर पंख फडफडले. वर पाहिलं तर धनेशीणबाई. अध्यक्षांची बायको.

आता धनेशांच्या घरची एक रीत सांगायला हवी. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. आतून चिखलानं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आत, आणि नवऱ्यानं फळं आणून त्या फटीतून भरवायचं. आत बसली की तिच्या पंखांची पिसंही गळतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही.

म्हणजे ढोली हवी. ढोली हवी तर जुनं झाड हवं. आणि तळ्याकाठची जुनी झाडं तर थांब्यांना लागली होती. बाई बिचारी जंगलभर हिंडून शेवटी काटवणात पोचली होती. थांब्यामागच्या बेहड्याला एक झकास ढोली होती. तिनं आत डोकावलं, आतून ठोकून पाहिलं. पसंत पडली.

ठकूबाई खालून बघत होती. तिला गोड बोलणं येत नव्हतं, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही.

"ढोली चांगली आहे बाई," ती म्हणाली. "वस्ती वाईट आहे."

"का? शांत तर आहे."

"शांत असणारच. सगळे अडकून पडलेत. इथून अडीनडीला निघायला काही नाही. होता तो गवा तुमच्या मालकांनी नेला."

धनेशीणबाई हसली. "मला गवा कशाला लागतो? मला पंख आहेत."

"आत बसल्यावर गळतील ना?"

धनेशीणबाई हसायची थांबली.

"या झाडावर धामण चढते," ठकूबाई म्हणाली. "मागच्या साली सुतारपक्ष्यांचं घरटं धुऊन नेलं. तुम्ही भिंत फोडून बाहेर पडाल हो. पण मग काय करणार? पिसं नाहीत. पाय हे एवढेसे. मालक तिकडं तळ्याकाठी उंबरं तोडत असणार. आमच्यासारखं थांब्यावर बसायचं. छप्पर छान आहे. वरून."

धनेशीणबाई खाली उतरली. आयुष्यात पहिल्यांदा ती थांब्याच्या छपराखाली आली, आणि बसायला जागा शोधू लागली. मग ठकूबाईच्या घरात डोकावली. गेनूचा पाय पाहिला. उडून गेली.

त्या रात्री अध्यक्षांच्या घरी काय झालं ते मंडळाच्या कामकाजात नोंदलेलं नाही. पण शेजारच्या पोपटांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं सगळ्यांना म्हणून दाखवलं. धनेशीणबाई म्हणाली होती, "गवा तिथं मुक्कामाला असेल तर मी आत बसेन. नसेल तर अंडी तुम्ही घाला."

मंडळाची तातडीची सभा झाली. धनेशरावांनी भाषण केलं. ते म्हणाले, दुर्गम वस्तीवर रात्रभर उभं असलेलं वाहन निष्क्रिय आहे, असं काही बाहेरचे लोक म्हणतात. त्यांना आपलं जंगल कळलेलं नाही. ती निष्क्रियता नव्हे, ती सज्जता आहे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला काही लागलं तर? कोणी याचा विचार केला आहे का?

सदस्यांनी माना डोलावल्या. याचा विचार कोणीच केला नव्हता. योजनेला 'सज्जता मुक्काम' असं नाव दिलं. त्यासाठी आणखी एकेक भारा गवत मागवलं.

त्याच संध्याकाळी भैरू काटवणात मुक्कामाला आला. पाठीवर धनेशीणबाईसाठी उंबरांचे घोस आणि खाली बाजार करून आलेली कासवाची म्हातारी. रानकोंबड्या त्याच्या अंगावर चढल्या आणि गोचीड टिपायला लागल्या.

पहाटे त्यानं गेनूला पाठीवर घेतलं. बगळे वैद्य अजून दोन पायांवर होते. त्यांनी पाय पाहिला आणि ठकूबाईवर ओरडले. इतके दिवस कुठं होतात, अडाणी लोक, वेळेवर यायला काय होतं. काळं बोट काढावं लागलं. पण सडणं पुढं चढलं नव्हतं. पाय वाचला.

ठकूबाईनं वैद्यांचं ओरडणं पूर्ण ऐकून घेतलं. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं. गेनू घाबरून तिच्याकडे बघत राहिला.

पुढं ढोलीतली पिल्लं मोठी झाली. भिंत फुटली. बाई बाहेर आली. धनेशरावांनी आडवळणानं विचारलं, की आता सज्जतेची कितपत गरज आहे. बाई म्हणाली, ढोली बरी आहे, पुढच्या साली इथंच बसणार. धनेशरावांनी मान हलवली. गवा राहिला.

काटवणची कीर्ती जंगलभर झाली. एक दिवस पलीकडच्या बोरमाळावरची घोरपडबाई रखडत रखडत ठकूबाईकडे आली. त्यांच्याकडे वाहन म्हणून कधी काही आलंच नव्हतं. तिची लेक आजारी होती. काटवणानं हे कसं जमवलं, अर्ज कोणाकडे केला, काय लिहिलं, एवढं सांगा, असं म्हणाली.

ठकूबाईनं तिला पाणी दिलं. मग विचारलं, "तुमच्या माळावर जुनं झाड आहे का? ढोलीचं?"

"नाही गं बाई. नुसत्या बोरी."

ठकूबाई उठली आणि म्हणाली, "उद्या पहाटे लेकीला इथवर आण. भैरूला सांगते थांबायला. आणि जाताना बेहड्याच्या चार बिया घेऊन जा. लावून ठेव."

घोरपडबाईनं बिया पदरात बांधल्या. बेहडा मोठा व्हायला, त्याला ढोली पडायला किती वर्षं लागतात, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर ठकूबाईनं खरं सांगितलं असतं.

तात्पर्य: मुलांनो, वाहतुकीचं नियोजन पंखवाल्यांनी केलं तरी काही बिघडत नाही. फक्त त्यांची बायको आपल्या वस्तीत अडकलेली असावी. ती सोय होईपर्यंत कर वेळेवर भरा आणि थांब्यावर शिस्तीत उभे राहा. बसायला जागा नाहीच.